रुळांलगतचा पुनर्विकास : आवाजाचा हिशेब नकाशावरच करा

रुळांना खेटून असलेल्या जुन्या सोसायटीत पाहुणे आले की यजमान हसून सांगतात, "आम्हाला नाही हो ऐकू येत, सवय झालीय." मुलुंडपासून विलेपार्ल्यापर्यंत हे वाक्य ऐकलंय. ते अर्धंच खरं असतं. तळमजला अधिक तीन मजल्यांच्या इमारतीला सवयीइतकीच रेल्वेची भिंत, फलाटाचं छप्पर आणि मधली बैठी घरं राखत असतात. पुनर्विकासात तीच इमारत बावीस मजली होते, दुसऱ्या मजल्यावरचे काका अकराव्यावर जातात, खिडकी जमिनीपर्यंत काचेची होते आणि पहिल्याच रात्री लक्षात येतं की आपल्याला सवय नव्हती, आडोसा होता.

हा लेख अशा सोसायटीच्या समितीत पहिल्यांदाच बसलेल्यांसाठी आहे. एखाद्या नव्या आर्किटेक्टलाही उपयोगी पडावा. माझं म्हणणं एवढंच की रेल्वेचा आवाज काचेवर अडवायचा असेल तर तो महाग पडतो आणि अर्धाच अडतो. तो आधी नकाशावर अडवावा लागतो, आणि नकाशा एकदा मंजुरीला गेला की ती संधी संपते. म्हणून खाली दिलेला क्रम पाळा.

१. आधी रूळ वाचा

गच्चीवर वही घेऊन एक संध्याकाळ आणि एक रात्र बसा. तुमच्या बाजूचा पहिला रूळ कोणता, स्लो की फास्ट? स्लो लोकल स्टेशनजवळ वेग कमी करत येते, ब्रेक घासतात, थांबते, पुन्हा वेग घेते. फास्ट सरळ निघून जाते, तिचा आवाज वेगाचा असतो. लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या कोणत्या मार्गावरून जातात तेही पाहा, कारण रात्री एक ते पहाटे चारच्या सुमारास लोकल झोपतात, मालगाडी झोपत नाही.

मग रुळांवरच्या खास जागा टिपा. काटे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ती जागा, प्रत्येक चाकासरशी ठोके देतात. वळणावर चाक किंचाळतं. लोखंडी गर्डरचा पूल घुमतो. फाटक जवळ असेल तर रुळाच्या कडेला 'सी/फा' लिहिलेली पिवळी पाटी शोधा. ती मोटरमनला सांगते की इथून शिटी वाजव. ही पाटी तुमच्या शयनगृहासमोर असेल तर बाकी सगळे आकडे दुय्यम ठरतात.

आणि घोषणा. स्टेशनच्या अगदी बाजूच्या इमारतींत गाडीपेक्षा कर्ण्याचा त्रास जास्त सांगितला जातो. गाडी वीस सेकंदांत जाते, पण घोषणेतले शब्द कानाला ओळखू येतात, म्हणून मेंदू त्यांना सोडत नाही. यावरचा उपाय मात्र स्वस्त असू शकतो. कर्ण्याचं तोंड इमारतीकडून फलाटाकडे वळवावं, असं पत्र स्टेशन अधीक्षकांना द्या. फोटो जोडा, वेळा लिहा.

आज जिथे रूळ नाहीत तिथे उद्या येऊ शकतात, हे नवे लोक हमखास विसरतात. ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये सुरू झाली, पश्चिम रेल्वेवर खार ते गोरेगाव सहावी मार्गिका २०२३ मध्ये. तुमची भिंत आणि पहिला रूळ यांच्यामध्ये रेल्वेची मोकळी पट्टी असेल, तर हिशेबापुरता तिथे रूळ आहेच असं धरा.

रेल्वेच्या हद्दीपासून साधारण ३० मीटरच्या आत बांधकाम असेल तर रेल्वेची ना हरकत लागते. ती मिळायला वेळ लागतो, म्हणून आर्किटेक्टला पहिल्या बैठकीतच त्याबद्दल विचारा. पण तो कागद मुख्यतः रुळांच्या सुरक्षेचा आहे: खोदाई, पायलिंग, पाण्याचा निचरा, क्रेनची पोहोच. तुमच्या झोपेची हमी त्यात शोधू नका.

२. मोजणी, आणि ती रविवारी नको

मोबाइलवरचं ॲप तुलना करायला ठीक आहे: पुढची खोली किती, मागची किती. करारात लिहायचा आकडा त्यातून निघत नाही. त्यासाठी क्लास १ दर्जाचा ध्वनिमापक, म्हणजे आयईसी ६१६७२ या मानकाचा, आणि तो लावणारा सल्लागार लागतो. सोसायटीच्या हिशेबात हा खर्च फार मोठा नसतो, पण तो प्रकल्प सल्लागाराच्या कामाच्या यादीत आपोआप येत नाही. तुम्हालाच घालावा लागतो.

मोजणी सलग २४ तासांची असावी, कामाच्या दिवसाची. रविवारी मेगाब्लॉक असतो, रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या कमी धावतात. त्या दिवशी मोजलेले आकडे पाहून बिल्डर खूश होईल, तुम्ही होऊ नका. पावसातली मोजणी नको, गणपती-नवरात्रातली नको. मापक जमिनीवर ठेवला तर रेल्वेची भिंत त्याला आडोसा देते, म्हणून तो जुन्या इमारतीच्या गच्चीवर, रुळांकडच्या कठड्याच्या वर उंच दांड्यावर हवा. शक्य असेल तर दुसरा मापक मागच्या बाजूला.

अहवालात दोन प्रकारचे आकडे मागा. एक एलईक्यू, म्हणजे त्या काळातल्या सगळ्या चढउताराची मिळून होणारी समतुल्य पातळी. दुसरा एलमॅक्स, प्रत्येक गाडीच्या वेळचा कळस. रस्त्याचा आवाज सतत असतो, तिथे एलईक्यू पुरतो. रेल्वे म्हणजे शांतता आणि मधेच गाडी. रात्रीचा एलईक्यू ६० दाखवेल, पण झोप मोडणार आहे ती दोन वाजून दहा मिनिटांच्या मालगाडीच्या ८५ ने. नुसता एलईक्यू देणारा अहवाल परत पाठवा.

डेसिबलचा स्वभावही समजून घ्या, नाहीतर सभेत कोणीही तुम्हाला गुंडाळेल. हे आकडे साधे बेरजेचे नाहीत. ६० डेसिबलची एक गाडी आणि तशीच दुसरी एकदम गेली तर १२० होत नाहीत, ६३ होतात. साधारण १० डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो. म्हणून "आम्ही तीन डेसिबल कमी करू" हे वचन जवळजवळ काहीच नाही, आणि "पंधरा कमी करू" हे फार मोठं आहे.

३. लक्ष्य आकड्यात ठरवा

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. रुळांलगत ती बाहेर पाळली जाणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे, आणि इमारत बांधताना गाड्या हळू करणं तुमच्या हातात नाही. म्हणून लक्ष्य खोलीच्या आतलं ठरवा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये शयनगृहासाठी सुचवलेली पातळी सोपी आहे: रात्रभराची समतुल्य पातळी ३०, आणि एकेका आवाजाचा कळस ४५. मुंबईत ३० गाठणं कठीण, ३५ व्यवहार्य. कळसाच्या ४५ वर मात्र शक्यतो माघार घेऊ नका.

आता एक उदाहरण. समजा, तुमच्या रुळांकडच्या दर्शनी भिंतीवर कळस ८२ आहे. आत ४५ हवे, म्हणजे खिडकी-भिंतीने मिळून ३७ डेसिबल अडवायला हवेत. साधी सरकती खिडकी बंद असताना वीस-पंचवीस अडवते. उघडी असेल तर दहा ते पंधरा. ३७ साठी जाड लॅमिनेटेड काच, गच्च बसणारी चौकट, बंद खोली, एसी हे सगळं आलं. आता तीच खोली इमारतीच्या मागच्या बाजूला नेली. इमारत स्वतःच आडोसा झाली, बाहेरचा कळस ६७ वर आला. आता अडवायचे फक्त २२. नीट बसवलेली साधी खिडकी ते करते. हे पंधरा डेसिबल फुकट मिळाले, फक्त नकाशा वेगळा काढून.

४. नकाशा

इथे वेळ घालवा. बाकी सगळ्यापेक्षा जास्त.

लोकांचा पहिला हट्ट असतो, "इमारत मागे सरकवा." अंतराने फायदा होतो, पण वाटतो त्यापेक्षा बराच कमी. लांब गाडी म्हणजे आवाजाची रेघ, आणि रेघेपासून अंतर दुप्पट केलं तर साधारण ३ डेसिबलच उतरतात. पंधरा मीटरचे तीस केले, अर्धा प्लॉट गेला, आणि कानाला जेमतेम कळेल एवढा फरक पडला. मोकळी जागा कार्यक्षम वापरायची असेल तर तिच्यात काय उभं करता याला महत्त्व आहे.

पोडियम घ्या. पुनर्विकासात खालचे दोन-चार मजले पार्किंगचे असतातच. ते रुळांच्या बाजूला पुढे काढले आणि निवासी मजले त्यांच्या मागे थोडे आत घेतले, तर पोडियमची कड खालच्या निवासी मजल्यांना आडोसा देते. नियम सोपा आहे: खिडकीतून चाकं दिसत असतील तर आवाज सरळ येतो. चाकं नुकती झाकली गेली की सुमारे ५ डेसिबल जातात, नीट झाकली गेली की दहा-पंधरा. म्हणून कड जाळीची नको, भरीव कठड्याची हवी. सीमेवर उंच भिंत बांधण्याचंही हेच गणित. ती पोडियमवरच्या बागेला आणि पहिल्या एक-दोन मजल्यांना उपयोगी, नवव्या मजल्याला तिचा पत्ताही लागत नाही. झाडांच्या एका रांगेने आवाज अडतो हा गोड गैरसमज आहे. झाडं लावा, सावलीसाठी, डोळ्यांसाठी. डेसिबलच्या खात्यात त्यांना शून्य लिहा.

उंचीबद्दलही एक गैरसमज असतो, वर गेलं की शांत. आडोसा संपला की पुढचे काही मजले सगळ्यात वाईट असतात, त्यानंतर आवाज हळूहळू उतरतो, पण वरून चारच्या जागी सहाही रूळ दिसायला लागतात. फ्लोअर राइज, म्हणजे वरच्या मजल्यासाठीचा जादा दर, भरून शांतता विकत मिळेलच असं नाही.

इमारतीचा आकार पाहा. इंग्रजी यू अक्षरासारखी इमारत रुळांकडे तोंड करून ठेवली तर चौकात आवाज शिरतो आणि भिंतींवर आपटत राहतो. तीच उलटी फिरवली, पाठ रुळांकडे, तर आतला चौक मुलांना खेळायला आणि म्हाताऱ्यांना बोलायला शांत जागा होतो.

मग आतली मांडणी. रुळांच्या बाजूला काय काय जाऊ शकतं याची यादी करा: जिने, लिफ्ट, डक्ट, संडास-बाथरूम, स्वयंपाकघर, ड्राय बाल्कनी, सोसायटीचं ऑफिस, व्यायामशाळा. शयनगृहं दुसऱ्या बाजूला. सगळ्यात चांगली मांडणी खरं तर आपल्या चाळींनी आधीच दाखवली आहे: एका अंगाला लांब गॅलरी, तिच्यामागे खोल्या. गॅलरी रुळांकडे ठेवून भरीव कठडा दिला, छताला आवाज शोषणारा थर लावला, तर प्रत्येक घराला एक शांत बाजू मिळते आणि वाराही आरपार जातो. बिल्डरला हे आवडत नाही, कारण मधोमध लिफ्ट आणि चहूबाजूंनी फ्लॅट या मांडणीत विकायचं क्षेत्र जास्त निघतं. त्याचं गणित त्याच्या जागी बरोबर आहे. तुमचं काम हे की त्या मांडणीत रुळांकडे तोंड असलेले फ्लॅट कोणाच्या वाट्याला येणार ते आताच विचारायचं. विक्रीचे फ्लॅट शांत बाजूला आणि जुने सभासद रुळांच्या बाजूला, अशी वाटणी नकाशात गुपचूप झालेली असते. चिठ्ठ्या टाकायची वेळ येते तेव्हा सगळ्या चिठ्ठ्या एकाच बाजूच्या असतात.

वास्तुशास्त्राचा मुद्दा सभेत निघतोच. नैर्ऋत्येला मास्टर बेडरूम हवी आणि नैर्ऋत्येलाच रूळ आहेत, असं झालं तर मतदान घ्या, पण मतदानाआधी सगळ्यांना रात्रीच्या मालगाडीचं रेकॉर्डिंग ऐकवा.

५. खिडकी, भिंत आणि हवा

नकाशाने जेवढं झालं तेवढं झाल्यावर काचेकडे या.

भिंतीची फार काळजी नको. पंधरा सेंटीमीटरचा हलका ब्लॉकसुद्धा, दोन्हीकडून प्लास्टर असेल तर, खिडकीपेक्षा खूप जास्त अडवतो. बाहेरचा आवाज नेहमी सगळ्यात कमजोर जागेतून येतो आणि ती जागा म्हणजे खिडकी, किंवा खरं तर खिडकीची फट. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या शंभराव्या भागाइतकी फट राहिली तरी ती खिडकी २० डेसिबलच्या पुढे जात नाही, काच कितीही महाग असो. म्हणून सरकत्या खिडक्या रुळांच्या बाजूला नकोत. त्यांच्या ट्रॅकमध्ये ब्रश असतो, तो धूळ अडवतो, आवाज नाही. बिजागरीची, रबरी गॅस्केटवर दाबून बंद होणारी खिडकी घ्या, दोन ठिकाणी आवळणाऱ्या कुलूपपट्टीसह. चौकट आणि भिंत यांच्यातली जागा फोमने नव्हे, मसाल्याने भरून वर सीलंट लावायला सांगा.

काचेबद्दल सेल्समन 'डबल ग्लेझिंग'चा घोष करतो. मधे १२ मिलिमीटर हवा असलेली ती जोडकाच मुळात उष्णतेसाठी आहे. चाक आणि रूळ यांच्या घर्षणाचा आवाज मधल्या-उंच पट्टीत असतो, तो गच्च बंद काचेने बराच अडतो. डिझेल इंजिनाची घरघर खालच्या पट्टीतली, तिथे ही जोडकाच एकेरी जाड काचेपेक्षा फारशी चांगली नाही. त्यापेक्षा लॅमिनेटेड काच घ्या, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली. जोडच हवी तर दोन्ही काचा वेगवेगळ्या जाडीच्या मागा. फारच वाईट बाजूला दोन स्वतंत्र खिडक्या, मधे किमान १०० मिलिमीटर अंतर, हा जुना पण खात्रीचा उपाय आहे.

आणि मग एसीवाला येतो, भिंतीला भोक पाडतो, पाइप घालतो, भोवती थोडी पुट्टी फासतो. झालं, दीड लाखाच्या खिडकीशेजारी हाताएवढं भोक. पाइपची जागा नकाशातच दाखवून घ्या, शांत बाजूला. बाथरूमच्या एक्झॉस्टच्या भोकाचंही तसंच.

बंद खिडकीत हवेचं काय, हा प्रश्न आपल्याकडे थंड देशांपेक्षा मोठा आहे. मुंबईच्या दमट हवेत खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश खिडकी हवी हे बांधकाम संहितेतच आहे, ते उगाच नाही. शांत बाजूची खिडकी उघडी राहू शकते का, हाच म्हणून नकाशा तपासण्याचा खरा प्रश्न. जिथे दोन्ही बाजू नाहीत अशा एकतर्फी फ्लॅटमध्ये आवाज शोषणारं अस्तर लावलेली वाकडी हवावाट भिंतीत बसवता येते. ती नसेल तर चोवीस तास एसी, आणि ते बिल सभासदाच्या माथी.

६. पायातून येणारा आवाज

कपाटातल्या वाट्या गाडीच्या वेळी किणकिणत असतील तर तो बहुधा हवेतून आलेला आवाज नसतो, जमिनीतून आलेला कंप असतो. त्याला काच, भिंत, पोडियम काही अडवत नाही. पाया, खांब, स्लॅब या वाटेने तो वर चढतो आणि खोलीत दबक्या घुमण्यासारखा ऐकू येतो. प्लॉट रुळांच्या पंचवीस-तीस मीटरच्या आत असेल तर कंपाची मोजणी आवाजाच्या मोजणीबरोबरच करून घ्या. गरज निघालीच तर खांबांखाली लवचीक बेअरिंग किंवा पॅड घालता येतात, पण हा निर्णय पाया खोदायच्या आधीचा. नंतर कंपावर व्यवहार्य इलाज जवळजवळ उरत नाही, म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरने हा निर्णय आधीच गृहीत धरलेला हवा.

७. करारनाम्यात काय लिहायचं

सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांप्रमाणे टेंडर आणि विकासकाची निवड होते. आवाजाचं कलम टेंडरमध्येच घाला. निवड झाल्यावर मागितलं तर ते 'जादा काम' ठरतं.

'उत्तम दर्जाच्या ध्वनिरोधक खिडक्या' हे वाक्य खोडा. त्याचा अर्थ काहीही होतो. त्याऐवजी लिहा: रुळांकडच्या शयनगृहात, खिडक्या बंद, गाडी जाताना कळस ४५ डेसिबलपेक्षा जास्त नसेल, ताबा देण्याआधी प्रत्येक बाजूच्या ठरावीक मजल्यांवर स्वतंत्र सल्लागार मोजणी करेल, आकडा चुकला तर दुरुस्ती विकासकाच्या खर्चाने. खिडकीची चौकट, काचेची जाडी, गॅस्केट यांचा तपशील परिशिष्टात. खोल्यांची मांडणी दाखवणारा नकाशा जोडपत्र म्हणून, सह्यांसकट. मंजुरीच्या वेळी त्यात बदल झाला तर सर्वसाधारण सभेची संमती लागेल, हेही एका ओळीत. कोणाला कोणती बाजू, हे ठरवण्याची पद्धत त्याच कागदावर.

विकासक म्हणेल की उद्या नवा रूळ आला तर आकडा कसा पाळायचा. रास्त आहे. मोजणीच्या दिवशीचे रूळ आणि गाड्या आधार धरा, आणि पहिल्या पायरीत म्हटल्याप्रमाणे रिकाम्या पट्टीसाठी दोन-तीन डेसिबल आधीच राखून ठेवा.

८. नमुना खिडकी आणि ताबा

सगळ्या खिडक्या बसवण्याआधी एका फ्लॅटमध्ये नमुना बसवायला लावा आणि तिथेच मोजा. दोनशे खिडक्या बसल्यावर चूक सापडली तर कोणीही बदलत नाही.

ताब्याच्या दिवशी सल्लागाराची मोजणी होईलच, पण तुम्हीही दोन गोष्टी करा. वर्तमानपत्राची पट्टी चौकट आणि खिडकीचं पाख यांच्यामध्ये धरून खिडकी बंद करा आणि पट्टी ओढा. सहज निसटली तर तिथे गॅस्केट दाबलं जात नाही. चारही कडांना करून पाहा, खालच्या कोपऱ्यात नक्की. मग अंधार पडल्यावर एकाने बाहेरच्या बाल्कनीत टॉर्च घेऊन उभं राहायचं, दुसऱ्याने आत दिवे घालवून. चौकटीभोवती, एसीच्या पाइपाशी, एक्झॉस्टच्या झाकणाशी जिथे जिथे उजेड दिसेल तिथे खडूने खूण करा, फोटो काढा आणि ती यादी दिल्याची पोच घेऊनच किल्ली हातात घ्या.